कलाशाखेची पदवी आणि वकिलीची वाट

बारावीची परीक्षा कलाशाखेतून उत्तीर्ण झालेला, घरातल्या वा भावकीतल्या जमीनजुमल्याच्या तंट्यामुळे कायद्याची तोंडओळख कोवळ्या वयातच झालेला आणि म्हणून ‘पुढे वकील व्हावे’ असे मनाशी योजून बसलेला विद्यार्थी बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत शोधावा लागत नाही. वकिलीकडे जाण्याचे मार्ग दोन आहेत हेही त्याला ठाऊक असते. परंतु त्यांपैकी कोणता धरावा, आणि आधी बी. ए. करायचे ठरल्यास कोणत्या विषयात करावे, या प्रश्नांवर त्याला मिळणारा सल्ला बहुधा सल्ला देणाऱ्याच्याच पदवीवरून ठरलेला असतो. राज्यशास्त्राचे पदवीधर राज्यशास्त्र घे म्हणतात, इंग्रजीचे प्राध्यापक इंग्रजीचा आग्रह धरतात, आणि ज्यांचा मुलगा पुण्यात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला आहे ते त्यावाचून तरणोपाय नाही असे छातीठोकपणे सांगतात. अशा वेळी विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी कोणत्या क्रमाने विचार करावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम नियम पाहू. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ साली केलेल्या विधिशिक्षणाच्या नियमांनुसार विधीची पदवी दोन प्रकारे मिळते : बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, किंवा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल. बी. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावीत आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवीत, सर्वसाधारण प्रवर्गातील विद्यार्थ्यास किमान ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांस ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांस ४० टक्के गुण लागतात. पदवीचा विषय कोणता असावा याविषयी नियमात अवाक्षर नाही. मराठी साहित्याचा पदवीधर आणि राज्यशास्त्राचा पदवीधर प्रवेशाच्या दारात समान पायरीवर उभे असतात. मात्र आपल्या प्रवर्गासाठी ठरलेल्या गुणांचा उंबरठा ज्याला ओलांडता आला नाही, तो विषय कितीही विचारपूर्वक निवडलेला असला तरी बाहेरच राहतो. ‘पदवी नुसती पदरात पडली म्हणजे झाले’ ही आपल्याकडची सार्वत्रिक समजूत वकिलीची इच्छा धरणाऱ्याने म्हणूनच पहिल्या वर्षापासून टाकून द्यावी.

नियम विषयाबाबत मुग्ध असल्यामुळे निवडीचा निकष अन्यत्र शोधावा लागतो, आणि तो वकिलाच्या नित्याच्या कामातच सापडतो. आपल्या भागातील कोणत्याही वकिलाच्या टेबलावर रोज येणारा एक साधा कागद घेऊ. आजोबा वारले, वारसनोंदीचा फेरफार पडला, सातबाऱ्याच्या कब्जेदार सदरी दोन मुलांची नावे लागली आणि विवाहित मुलींची नावे ‘इतर हक्क’ या सदरात गेली. काही वर्षांनी त्यांपैकी एक मुलगी वाटणी मागावयास येते, आणि भाऊ एका हक्कसोडपत्राकडे बोट दाखवतो. तलाठ्याने, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नोंद धरली, मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित केली आणि प्रांताकडील अपिलाची मुदत टळून गेली, एवढ्याने भावाचा हक्क शाबीत होतो काय? होत नाही, कारण महसुली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जात असली, तरी मालकीचा अखेरचा निवाडा दिवाणी न्यायालयानेच करावयाचा असतो. आता वकिलाला पाहावे लागते की हिंदू उत्तराधिकार कायद्यात महाराष्ट्राने १९९४ साली केलेल्या दुरुस्तीने मुलींना सहदायादाचा हक्क दिला खरा, पण तोवर विवाह झालेल्या मुलींना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढून टाकला. आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक आहे की नाही हा अनेक वर्षे घोळत पडलेला वाद सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा खटल्यात मिटवून हा हक्क जन्मानेच मिळतो असा निर्णय दिला.

या एका कागदात किती विद्या एकवटल्या आहेत ते पाहावे. नोंदींचा कालक्रम लावणे आणि कोणता कागद कोणत्या हेतूने झाला हे ओळखणे ही इतिहासाच्या अभ्यासकाची दृष्टी होय. बहिणीने सही का केली आणि ती खुशीची होती की भिडेची, हा समाजशास्त्राचा प्रश्न. जिरायत आणि बागायत यांच्या मोलातील तफावत हा अर्थशास्त्राचा. आणि कायद्याच्या कलमातील ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ असते तर अर्थ कसा पालटला असता, हे पाहणे ही भाषेची व तर्काची कसोटी. कायदा विधि महाविद्यालयात शिकविला जातोच, तो शिकण्यासाठी बी. ए.ची तीन वर्षे खर्ची घालण्याचे कारण नाही. परंतु कागद बारकाईने वाचण्याची, त्यातील मुद्दे निवडण्याची आणि ते स्वच्छ भाषेत मांडण्याची सवय विधि महाविद्यालय तुम्हांस नव्याने लावीलच असे नाही. तेव्हा विद्यार्थ्याने विषयाच्या नावापेक्षा त्या विषयात ही सवय किती लागते आणि आपल्या महाविद्यालयात तो किती कसून शिकविला जातो, याकडे पाहून पदवी निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या दृष्टीने एकेका विषयाचा विचार करू. राज्यशास्त्रात संविधानाची ओळख आधीच होते आणि पुढे घटनाविषयक कायदा शिकताना तिचा उपयोग होतो, हे खरे. पण जो राज्यशास्त्र मार्गदर्शिकांतून पाठ करील त्याला तेवढाही लाभ होणार नाही. इतिहास हा माझ्या मते या भागातील विद्यार्थ्याला विशेष फलदायी विषय आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली झाला आणि त्याच्या पाण्यावर या दोन तालुक्यांची शेती पालटली. पुढे वालचंदनगर परिसरात साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर अशा जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या, आणि मूळच्या खंडकरी शेतकऱ्यांना त्या परत मिळाव्यात म्हणून दशकानुदशके लढा चालला. कुळवहिवाट, इनाम, वतन, खंड हे शब्द ज्याला केवळ शब्द म्हणून ठाऊक आहेत आणि ज्याला त्यांच्यामागचा इतिहास ठाऊक आहे, त्या दोघांच्या युक्तिवादात न्यायाधीशाला अंतर दिसल्यावाचून राहत नाही. इतिहास घेणाऱ्याने जमल्यास मोडी लिपीही शिकून घ्यावी. जुन्या दप्तरातील मोडी कागद आजही दाव्यांत पुढे येतात आणि ते वाचणारा माणूस सहजी सापडत नाही.

अर्थशास्त्र कठीण म्हणून टाळले जाते, पण सहकारी साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था आणि बारामतीची औद्योगिक वसाहत यांनी भरलेल्या या परिसरात ताळेबंद वाचता येणारा वकील हवाच असतो. सहकार कायदा, बँकांची वसुली, कामगारांचे देणे यांची प्रकरणे आकड्यांना घाबरणाऱ्याच्या हाती टिकत नाहीत. भूगोलाचा संबंध दूरचा वाटेल. परंतु उजनी धरणाच्या फुगवट्याखाली भीमाकाठची जी गावे गेली, त्यांत इंदापूर तालुक्यातील जुन्या पळसदेवासारखी गावे होती, आणि पुनर्वसन, संपादन, मोजणी व नकाशा यांची भाषा ज्याला उमगते तो प्रकल्पग्रस्ताच्या अर्जावर अधिक नेमके काम करू शकतो. तत्त्वज्ञानात तर्कशास्त्र असते, मानसशास्त्रात साक्षीदाराच्या स्मृतीचा अभ्यास असतो, आणि दोन्ही विषय योग्य शिक्षक लाभल्यास उत्तमच.

भाषेविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडील विद्यार्थ्याचे बहुतेक भय येथेच दडलेले असते. मराठी घेऊन बी. ए. करणारा मुलगा वकिलीत मागे पडतो, ही समजूत निराधार आहे. महाराष्ट्रातील जिल्हा व दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. बारामतीच्या जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालयात असो वा इंदापूरच्या दिवाणी न्यायालयात, पक्षकाराची कैफियत समजून घेणे, साक्षीदाराची उलटतपासणी घेणे, फिर्याद आणि पंचनामा वाचणे ही सारी कामे मुख्यत्वे मराठीतूनच होतात, आणि तेथे ज्याचे मराठी ढिसाळ त्याचा दावाही ढिसाळ. त्याच वेळी हेही विसरता येत नाही की संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी आहे, निवाड्यांचे संग्रह इंग्रजीत आहेत, आणि विधीचे प्रमाण ग्रंथही बहुतांशी इंग्रजीतच आहेत. म्हणून मुख्य विषय मराठी घेणाऱ्याने इंग्रजी वाचनाचा आणि इंग्रजी घेणाऱ्याने मराठी लेखनाचा नियम स्वतःवर घालून घ्यावा. रोज एका न्यायनिर्णयाची दोन पाने वाचून त्यांचा सारांश मराठीत आठ-दहा ओळींत लिहिणे, आणि अडलेल्या शब्दासाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश उघडणे, एवढा परिपाठ तीन वर्षे चालविला तर भाषेचे भय उरणार नाही.

आपल्या पूर्वसूरींची उदाहरणे या बाबतीत दिलासा देणारी आहेत. सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर हे डेक्कन कॉलेजातून संस्कृत घेऊन एम. ए. झाले आणि मग पुण्याच्या विधि महाविद्यालयात गेले. यशवंतराव चंद्रचूड यांनी इतिहास व अर्थशास्त्र हे विषय घेऊन पदवी मिळविली आणि त्याच विधि महाविद्यालयातून ते कायद्याचे पदवीधर झाले. डॉ. आंबेडकरांची पहिली पदवी अर्थशास्त्र व राज्यशास्त्र या विषयांची होती. धर्मशास्त्राचा बृहद् इतिहास लिहून १९६३ साली भारतरत्न झालेले पां. वा. काणे संस्कृतज्ञ होते आणि उच्च न्यायालयातील वकीलही. विषय भिन्न, परंतु प्रत्येकाने आपला विषय तळापर्यंत नेला होता.

आता पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा की पदवी करून तीन वर्षांचा, हा व्यवहाराचा प्रश्न. हिशेब सरळ आहे. पाच वर्षांच्या मार्गाने एक वर्ष वाचते. त्याच्या आरंभीच्या वर्षांत राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व इंग्रजी हे विषय असतातच, त्यामुळे कलाशाखेचा पाया अगदी सुटतो असे नाही. परंतु मध्येच मन पालटल्यास हाती काय राहते, याची चौकशी त्या त्या विद्यापीठाच्या नियमांत आधीच करावी. उलट बी. ए.नंतर तीन वर्षांचा मार्ग सहा वर्षांचा होतो, आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथे, ऑनर्सचे वर्षही पुरे करावयाचे ठरल्यास सात वर्षांचा. विधीला जाण्यासाठी ते चौथे वर्ष आवश्यक नाही, तीन वर्षांची पदवी पुरते. या लांबच्या मार्गाचा लाभ असा की बी. ए. ही स्वतंत्र पदवी हाती राहते. तिच्यावर स्पर्धापरीक्षा देता येते, बी. एड. करता येते, एम. ए. करता येते, आणि एकविसाव्या वर्षी वकिलीची ओढ उरली नाही, तरी काही वाया जात नाही.

माझा सल्ला असा. ज्याचा निश्चय पक्का आहे, ज्याने निदान काही दिवस न्यायालयात बसून हे काम पाहिले आहे, आणि ज्याच्या घराला पाच वर्षांचा खर्च झेपतो, त्याने पाच वर्षांचा अभ्यासक्रम धरावा. ज्याचा निश्चय अजून घडत आहे, ज्याला आधी इंग्रजी सुधारावयाचे आहे, किंवा ज्याच्या घरची परिस्थिती बाहेरगावच्या वसतिगृहाची नाही, त्याने घरी राहून बी. ए. करावे, आणि आपण कमी प्रतीचा मार्ग घेतला असे मनातही आणू नये. बारामतीत १९६२ पासून तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, विद्या प्रतिष्ठानचे कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आहे, सोमेश्वरनगरला मुगुटराव साहेबराव काकडे महाविद्यालय आणि इंदापुरात कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आहे. शिवाय बारामतीतच विद्या प्रतिष्ठानचे वसंतराव पवार विधि महाविद्यालय असल्यामुळे कायद्याच्या शिक्षणासाठी पुणे गाठणे आता अपरिहार्य राहिलेले नाही. पुण्यास जावयाचे तर १९२४ साली स्थापन झालेल्या आय. एल. एस. विधि महाविद्यालयाची परंपरा मोठी आहे, परंतु तेथील जागेसाठी गुणांची चुरसही तशीच मोठी आहे. महाविद्यालय कोणतेही असो, त्या शैक्षणिक वर्षासाठी त्यास बार कौन्सिलची मान्यता आहे ना, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. नावाजलेपणावर विसंबू नये.

प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची सामाईक परीक्षा दोन्ही अभ्यासक्रमांना स्वतंत्रपणे द्यावी लागते. ती मराठीतूनही देता येते आणि चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधि विद्यापीठांत जावयाचे असल्यास ‘क्लॅट’ ही निराळी, सर्वस्वी इंग्रजीतून होणारी परीक्षा आहे. ती डिसेंबरात, म्हणजे बारावीचे वर्ष चालू असतानाच होते, तिच्यात चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो, आणि दीर्घ उतारे वाचून उत्तरे द्यावयाची असल्यामुळे ती मूलतः वाचनाचीच परीक्षा आहे. बारावीच्या निकालानंतर जागा होणाऱ्याला ती त्या वर्षापुरती हुकलेलीच असते.

पदवीनंतरचे वास्तवही आधीच डोळ्यांपुढे असावे. विधीची पदवी मिळाली म्हणजे कोणी वकील होत नाही. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करून सनद घ्यावी लागते, आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नोंदणीचे शुल्क वकील कायद्यात ठरल्याप्रमाणे सर्वसाधारण प्रवर्गास ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींस १२५ रुपये यांहून अधिक घेता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला आहे. न्यायाधीश होण्याची आकांक्षा धरणाऱ्यांनी मे २०२५ चा निर्णय विशेष लक्षात ठेवावा : दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाच्या परीक्षेस बसण्यापूर्वी तीन वर्षांचा वकिलीचा अनुभव आता आवश्यक केला आहे. म्हणजे बारावीनंतर पाच वर्षांच्या मार्गाने निदान आठ आणि बी. ए.च्या मार्गाने निदान नऊ वर्षे धरून चालावे. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालची पहिली काही वर्षे मिळकतीच्या दृष्टीने कोरडी जातात, हे या व्यवसायातले कोणीही सांगेल. तो काळ घर कसे निभावणार, याचा विचार पालकांनी पहिल्याच दिवशी मुलासमवेत बसून करावा. नोकरी करता करता हजेरी ‘लावून’ पदवी घेण्याचा बेत कोणी आखू नये. नियमांत ७० टक्के उपस्थितीचा दंडक आहे, आणि न शिकता मिळालेली सनद पक्षकाराच्या जिवावर उठते.

खर्चाच्या बाबतीत अज्ञानामुळे माघार घेऊ नये. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि विविध प्रवर्गांच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी संकेतस्थळावरून मिळतात. आणि आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, आर्थिकदृष्ट्या मागास व इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना केंद्रीय प्रक्रियेने व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी २०२४ पासून लागू झाली आहे. ज्या घरात ‘मुलगीच आहे, बी. ए. पुरे’ असे म्हटले जाते, त्या घरातील वडिलांनी हा शासननिर्णय एकदा अवश्य वाचावा. मात्र या सर्वांचा आधार कागदपत्रे हा आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर आणि जातवैधता प्रमाणपत्र यांचे अर्ज अकरावीतच करावेत. जात पडताळणीस लागणारे जुने पुरावे, पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला वा जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची नक्कल, शोधण्यात महिने जातात, आणि प्रवेशफेरीची मुदत कोणासाठी थांबत नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. ते पक्षकाराला उद्देशून होते. ज्याला वकील व्हावयाचे आहे त्याने मात्र पदवी निवडण्यापूर्वीच ती पायरी चढावी. न्यायालयाचे कामकाज खुले असते. सुट्टीतला एक आठवडा तेथे मागच्या बाकावर शांतपणे बसावे, तारखा कशा पडतात, साक्षीदार कसा गोंधळतो आणि चांगला वकील किती कमी बोलतो हे पाहावे, आणि घरी येऊन पाहिलेल्या एका प्रकरणाची हकिकत दोन पानांत लिहून काढावी. ती लिहिताना ज्याला कंटाळा आला त्याने कायद्याचा नाद खुशाल सोडावा. ज्याला रात्र झाल्याचे भान राहिले नाही, त्याने आपल्या आवडीचा विषय घेऊन बेधडक बी. ए.ला नाव घालावे, अथवा थेट पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची तयारी करावी; दोन्ही मार्ग शेवटी त्याच सनदेकडे जातात.